पत्रं कुणीच पुसली नव्हती, विशाखा

विशाखा,

तुझ्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. एक मिनिट व्हायच्या आतच साहेब "बसा" म्हणाले, कारण त्यांना पुण्याला निघायचं होतं. त्याआधी त्यांनी तुझ्यावर भाषण केलं. अत्यंत कष्टाळू, मितभाषी, शिस्तप्रिय. दहा महिन्यांपूर्वी ज्या माणसानं सगळ्यांसमोर तुला बेजबाबदार म्हटलं, तोच माणूस हे म्हणत होता. मी तिसऱ्या रांगेत उभी होते आणि माझ्या हातापायांची आग होत होती. रडू आलं नाही. आज तीन आठवडे झाले, अजूनही नीट येत नाही. राग येतो. साहेबांचा येतो, सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या त्या माणसाचा येतो, माझा स्वतःचा येतो. आणि खरं सांगू? तुझाही येतो.

अंगात ताप घेऊन आठ दिवस तू इंदापूरला का जात होतीस?

मी फोनवर तुला म्हटलं होतं, रजा टाक. तू इंदापूरच्या शाखेतल्या ऑफिसातून बोलत होतीस, शेजारी कुणीतरी असणार, कारण आवाज एकदम खाली घेतलास. "रजा टाकली की म्हणतील, बघा, पुन्हा बेजबाबदारपणा. त्यांना तेवढंच पायजे." मी म्हटलं, म्हणू दे. तू म्हणालीस, "तुला काय जातंय म्हणू दे म्हणायला." आणि फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं हे. नवव्या दिवशी तुला बारामतीला दवाखान्यात आणलं तेव्हा टायफॉईडनं आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवं होतं. चार दिवस आधी तू ग्रंथालयात स्टुलावर बसून पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होतीस. बारामतीच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब जिनं उभी केली, तिला हे काम दिलं होतं.

लॅब तूच उभी केलीस, हे भाषणात कुणी म्हटलं नाही. मी रुजू झाले तेव्हा मला माऊस धरता येत नव्हता. माझी अकरा महिन्यांची ऑर्डर, तुझी कायम नोकरी, पण तू एकदाही मला हाताखालची म्हणून वागवलं नाहीस. तू लासुर्ण्याहून एसटीत बसायचीस आणि पिंपळीला मी चढेपर्यंत शेजारची जागा पिशवी ठेवून धरायचीस. बायाबापड्या तुला शिव्या घालायच्या. "हितं बाई हाय, येतीया," एवढंच म्हणून तू खिडकीबाहेर बघत बसायचीस. पिंपळी ते बारामती हा रस्ता केवढासा, पण सर्व्हर म्हणजे काय, मोडेम काय करतो, पासवर्ड वहीत का लिहायचा नाही, हे सगळं मी त्या वीस मिनिटांत शिकले.

मस्कतहून माझ्या भावाचं पहिलं ईमेल आलं तो दिवस आठवतो? मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. आमच्या आईला मराठीच जेमतेम वाचता येतं, तर ते कुठून वाचणार. तू त्याची छापील प्रत काढलीस आणि संध्याकाळी माझ्याबरोबर पिंपळीला उतरलीस. आमच्या दारात बसून आईला एकेक ओळ वाचून दाखवलीस. आईनं कागद उलटा करून बघितला. "फोनातनं आलं व्हय? मंग ह्याला तिकीट कुठाय?" तू इतकी हसलीस की चहा सांडला. त्यानंतर आई दर वेळी मला विचारायची, "ती लासुर्ण्याची कवा येनार हाय?" तू गेलीस हे तिला सांगितलं तेव्हा तिनं निवडायचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "अगं, ती तर तुझ्यापेक्षा लहान होती." तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होतीस. मी तिला दुरुस्त केलं नाही.

आता सर्व्हरचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा सरळ, पहिल्यापासून मांडायचं आहे, कारण आजवर ते सगळ्यांनी वाकडंच सांगितलं.

दोन हजार साल उजाडलं की जुनी यंत्रं बंद पडणार, अशी हवा होती. संस्थेनं नवा मेल सर्व्हर घेतला. जुन्यावर चाळीसेक जणांच्या टपालपेट्या होत्या. एकेक पेटी जुन्यावरून एक्स्पोर्ट करायची आणि नव्यावर उतरवायची, एवढं काम. बाकी सगळ्या पेट्या बिनबोभाट गेल्या. अडली ती साहेबांची, म्हणजे संस्थेच्या सचिवांची. जुन्या यंत्रावर त्यांची पत्रं हजाराच्या वर भरत होती, नव्यावर चारशेच. आणि एक्स्पोर्टचा प्रोग्रॅम मात्र दर वेळी शेवटी हेच दाखवायचा, काम पूर्ण झालं. एकही चूक दाखवायचा नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, एरर नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही. तुमची मोजणी चुकली असेल."

तू म्हणालीस, "मी तीनदा मोजलंय. बेरीज जुळत नाही तोवर मी हे पूर्ण झालं म्हणणार नाही."

तो हसला. पुढं दोन दिवस तो तुझ्याऐवजी माझ्याशी बोलत होता, जणू लॅब मीच सांभाळत होते. तुला ते कळत होतं, मलाही कळत होतं. हे तुझ्याच वाट्याला का येतं, हे आपण दोघीही एकमेकींना कधी म्हणालो नाही. तुझ्या नेमणुकीबद्दल मागं कोण काय बोलायचं, राखीव जागेचं नाव काढून कोण हसायचं, ते तू ऐकलं होतंस. मीही ऐकलं होतं.

एसटीत आपला वाद झाला. माझं म्हणणं, फाईल फार मोठी झाली म्हणून प्रोग्रॅम दमतो. तुझं म्हणणं वेगळं होतं. "शमे, दमला असता तर कवा साडेतीनशेवर थांबला असता, कवा साडेचारशेवर. हा दर खेपेला एकाच जागी थांबतोय. म्हंजी त्या जागी कायतरी हाय. एखादं पत्र हाय." मी म्हटलं, पत्रानं कसा प्रोग्रॅम अडेल? कागदावरचा मजकूर तो, त्याला काय धार असते? तू म्हणालीस, "दोन दिस मिळू दे, दाखवते." वाद तिथंच राहिला, बारामतीचा स्टँड आला.

दोन दिवस मिळाले नाहीत. सोमवारी उद्घाटन होतं, पाहुणे ठरले होते, मांडव पडला होता. तू एक चिठ्ठी लिहिलीस. सचिवांच्या पेटीतली निम्म्याहून जास्त पत्रं नव्या सर्व्हरवर आलेली नाहीत, कारण शोधायला दोन दिवस द्यावेत, तोवर जुना सर्व्हर बंद करू नये. ती माझ्या हातात दिलीस. "आवकला नोंद करून नंबर घेऊन ये."

मी गेले. आवकचे काका मांडवाच्या कामाला गेले होते, नोंदवही कुलपात. थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली चिठ्ठी ठेवली आणि आले. तू विचारलंस, "दिलीस?" मी म्हटलं, "दिली." नंबराचं तू विचारलं नाहीस, माझ्यावर विश्वास होता म्हणून.

उद्घाटन झालं. जुना सर्व्हर उचलून नेला. आठवड्यानं साहेबांना परदेशी कॉलेजशी झालेल्या कराराचा पत्रव्यवहार हवा झाला आणि तो सापडेना. मग ती बैठक. साहेब, प्राचार्य, कंपनीचा माणूस, तू, मी. कंपनीच्या माणसानं सांगून टाकलं की जुनं यंत्र पुसलं गेलंय, त्यात आता काही नाही. साहेबांनी तुला विचारलं, "पत्रं तुम्ही डिलीट केलीत का? कुणाच्या सांगण्यावरून?"

तू म्हणालीस, "सर, मी लेखी कळवलं होतं. जुनं यंत्र मला एकदा सुरू करू द्या, मी दाखवते. चिठ्ठी शमीमनं तुमच्याकडे नेऊन दिली होती."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, दिली होती?"

माझी नवी ऑर्डर त्यांच्या सहीसाठी त्याच टेबलावर होती. हे कारण आहे, सबब नाही. मी म्हटलं, "नक्की आठवत नाही, सर."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी आज इतकी जळत नसते. परीक्षेत सोपा प्रश्न चुकलेल्या मुलीकडे तू जसं बघायचीस, तसं बघितलंस, आणि मान खाली घातलीस.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. त्यांनी माफीपत्र लिहून मागितलं तेव्हा बाहेर जिन्यात तुला मीच म्हटलं, "दे लिहून, मिटवून टाक. सोन्यासारखी नोकरी आहे." "चूक माझी न्हाय गं," तू म्हणालीस. मी म्हटलं, "असू दे. कागदावर तर द्यायचंय." तू सही केलीस. "माझ्या हातून अनवधानाने पत्रे नष्ट झाली, क्षमस्व." पंधरा दिवसांत तुझी इंदापूरला बदली.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळीला एसटी थांबली तेव्हा मला वर चढायचं धैर्य होत नव्हतं. चढले. तू खिडकीशी होतीस आणि शेजारी पिशवी होती. तू ती उचललीस. मी बसले. बारामतीपर्यंत तू मला जिऱ्याच्या दराबद्दल काहीतरी सांगत होतीस. विशाखा, त्या दिवशी तू मला उभं ठेवायला हवं होतंस. भर एसटीत, चार लोकांदेखत विचारायला हवं होतंस, काय गं, खोटं का बोललीस? मी रडले असते, कदाचित त्याच दिवशी परत जाऊन खरं सांगितलं असतं. तू जागा दिलीस आणि मला गप्प बसायची सोय करून दिलीस. तुझ्या ह्या चांगुलपणाचा मला इतका राग येतो की तुझा फोटोही मी सरळ बघू शकत नाही.

आता तुला माहीत नाही ते सांगते.

शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी सामानाच्या खोलीत गेले. मोडक्या बाकांच्या मागं, पोत्याखाली, आपला जुना सर्व्हर. वर तुझ्या अक्षरात चिकटवलेला कागद तसाच होता, "बंद करू नये". मी खुर्च्या नेऊन दिल्या, तुझ्यावरची भाषणं ऐकली, आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, शिपाईमामांकडून किल्ली घेऊन ते यंत्र लॅबमध्ये आणलं. वायरी जोडल्या. बटण दाबलं. सुरू झालं. काहीही पुसलेलं नव्हतं. पुसलंय म्हणणाऱ्यानं ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

साहेबांची पेटी जशीच्या तशी होती. मी एक प्रत काढली, मूळ फाईलला हात लावला नाही, हे तूच शिकवलेलं. एक्स्पोर्ट चालवला. चारशेला काही कमी पत्रांवर थांबला आणि म्हणाला, काम पूर्ण झालं. पुन्हा चालवला, त्याच आकड्यावर. तेव्हा तुझं बोलणं आठवलं, दर खेपेला एकाच जागी. मग मी फाईलचे दोन तुकडे केले. ज्या तुकड्यात अडलं त्याचे पुन्हा दोन. त्याचे पुन्हा दोन. नऊ-दहा वेळा असं केल्यावर हातात एकच पत्र उरलं.

ते त्या परदेशी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं होतं. ते इकडे यायचे होते तेव्हाचा त्यांचा प्रवासाचा बेत. कुठून कुठं, कधी. त्यातली एक ओळ इंग्रजीत अशी सुरू होत होती, "फ्रॉम इंदापूर". इंदापूरहून आम्ही धरणाचं पाणी आणि पक्षी बघायला जाऊ, एवढाच मजकूर.

मी पेटीतली बाकी पत्रं उघडून बघितली. प्रत्येक नवं पत्र त्याच शब्दानं सुरू होतं, "फ्रॉम", मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग तारीख. सगळी पत्रं एकाच लांब फाईलमध्ये एकाखाली एक. एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे प्रोग्रॅम त्या शब्दावरूनच ओळखत होता. मजकुरात तोच शब्द ओळीच्या सुरुवातीला आला आणि त्याला वाटलं, आलं नवं पत्र. तो पत्ता शोधायला गेला, तारीख शोधायला गेला, त्याला मिळालं इंदापूर. तिथं तो थबकला आणि खालची सगळी, सहाशेच्या वर पत्रं सोडून देऊन मोकळा झाला.

त्या एका शब्दाआधी मी एक खूण टाकली. एकच अक्षर, म्हणजे ती ओळ आता "फ्रॉम"नं सुरू होईना. पुन्हा चालवला. सगळी पत्रं नव्या सर्व्हरवर आली. मी मोजली, तीनदा मोजली. बेरीज जुळली.

तू बरोबर होतीस. एक पत्रच होतं. रिकाम्या लॅबमध्ये मी हे मोठ्यानं म्हटलं आणि टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की अजून मनगट दुखतं. तू दोन दिवस मागितले होतेस. तुझ्या निम्म्यानंही येत नसलेल्या मला एक रविवार पुरला. एवढंही तुला कुणी दिलं नाही.

सोमवारी छापील कागद घेऊन साहेबांकडे गेले. समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद चाळले. "वा, वा. तो कराराचा पत्रव्यवहार आहे ना ह्यात? छान काम केलंत."

मी म्हटलं, "सर, विशाखा मॅडमचं माफीपत्र त्यांच्या फाईलमध्ये आहे. ते काढायला हवं."

"अहो, ती बिचारी आता नाही. फाईल बंद झाली. कशाला उकरून काढता?"

"फाईल बंद झाली म्हणूनच, सर. आता त्यात तेच कायम राहणार."

"तुमची भावना समजते मला," ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

मी लॅबमध्ये येऊन निवेदन लिहिलं. पत्रं नष्ट झालीच नव्हती, दोष कशात होता, तो कसा सापडला, सगळं. शेवटी लिहिलं की चिठ्ठी मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवली होती आणि चौकशीच्या वेळी मी खोटं बोलले. आवकच्या काकांनी वाचलं. "पोरी, इचार करून देतीयास ना? तुझी ऑर्डर संपायला आलीया." मी म्हटलं, "काका, नंबर टाका." त्यांनी टाकला, शिक्का मारला, माझ्या प्रतीवरही मारला. दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावून तोंडी सांगितलं की माझी ऑर्डर पुढं वाढणार नाही. तुझं माफीपत्र काही काढलेलं नाही. काकांनी माझं निवेदन त्याला टाचलं आहे. त्या फाईलच्या बाबतीत मला एवढंच जमलं.

काल लासुर्ण्याला गेले. तुझ्या फोटोपुढं फुलं वाहिली. तुझ्या आई आत होत्या, मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. नाना अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. साखर कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले तुझे वडील. त्यांनी मधे एकच विचारलं, "म्हंजी तिच्या हातनं मशीन बिघडलंच नव्हतं?"

"नाही, नाना. तिनं तर आधीच सांगितलं होतं."

ते बाजेची सुटलेली दोरी ओढून बसवायला लागले. "मी बी तिला बोललो गं. म्हटलं, मशीनवर काम करनाऱ्यानं चूक झाली तर छातीठोक कबूल करावी, त्यात काय लाजायचं. ती म्हनली, व्हय नाना." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मला बी खरंच वाटलं."

हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा रडू आलं. तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. का? सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं म्हणून? आता हे मला कोण सांगणार?

मग नानांनी माझ्याकडे बघितलं. "तवा का बोलली न्हाईस?"

"भ्याले, नाना."

त्यांनी मान हलवली. मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. ते उठले, कुडाच्या पलीकडे हाक मारली, समोरच्या दोन घरांना हाक मारली. पाच-सात माणसं जमली, बाया कडेला उभ्या राहिल्या. नाना मला म्हणाले, "तिची चूक झाली, म्हनून तिला इंदापूरला धाडली, हे ह्या सगळ्यांनी ऐकलंय. आता तो कागद वाच."

मी उभी राहिले आणि निवेदन वाचायला लागले. सर्व्हरचं, पेटीचं, त्या एका ओळीचं. कुणाला किती कळलं माहीत नाही, पण कुणी हललं नाही. शेवटच्या वाक्यापाशी आले. मी ते तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"ऐकू न्हाय आलं," नाना म्हणाले. "परत वाच."

चौकशीच्या वेळी मी खोटं बोलले, असं मी परत वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.